चाक मोठे, गाडी तेवढीच

वाचकहो, दिवाळीच्या फराळातली करंजी फुटली तर तिचे नाव कोणी दुसऱ्या दिवशी काढीत नाही. पण घरच्या कर्त्या पुरुषाची फजिती झाली की ती दर दिवाळीला चकलीबरोबर ताटात वाढली जाते. तेव्हा दुसऱ्या कोणी सांगण्यापूर्वी गेल्या दिवाळीतली माझी फजिती मीच सांगून टाकतो.

आमच्या घरी एक पांढरी मारुती ८०० आहे. वडिलांनी ती १९९७ साली निवृत्तीच्या पैशांतून घेतली. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत कितीतरी घरे स्कूटरवरून उतरून तिच्यात बसली. आमचे घर त्यांतलेच. वडील गेले, गाडी राहिली. नोंदणीची मुदत वाढवीत आणि तेलपाणी वेळच्या वेळी करीत मी ती जपली.

गेल्या वर्षी चिरंजीवांना नोकरी लागली. पहिल्या पगारातून त्याने आजीला साडी आणली, आईला घड्याळ आणले आणि मला चार चाके आणली! चौदा इंची, चांदीच्या ताटासारखी चकाकणारी अलॉयची चाके, वर रुंद टायर. शहरातल्या एका दुकानात ती बसवूनही झाली.

"आजोबांची गाडी आहे, बाबा. जरा ऐटीत दिसू दे की!" तो म्हणाला.

या वाक्यापुढे मी काय बोलणार? खरे म्हणजे मी टायरचे माप विचारायला हवे होते. पण पहिल्या पगाराच्या भेटीला मोजपट्टी लावायची कशी? आमची ही मात्र गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "चाके छान आहेत हो, पण गाडी उगीच टाचा उंच करून उभी राहिल्यासारखी दिसते." मी हसण्यावारी नेले.

भाऊबीज आटोपली आणि आम्ही नागपूरहून नवेगावबांधला निघालो. मारुती चितमपल्लींनी वनखात्याच्या नोकरीत जिथे पाखरे न्याहाळली, तो तलाव एकदा पाहावा, अशी आईची फार दिवसांची इच्छा. भंडारा गेले, साकोली गेली. आईला एक जुनी खोड आहे. प्रवासात ती किलोमीटरचे दगड मोजते. दहा दगड झाले की ती म्हणते, "अरे, बघ रे तुझ्या मीटरात किती झाले." मी पाहिले, तर नऊचा आकडा नुकताच कुठे सरकला होता. "दगड चुकलीस तू," मी म्हटले. आईने पुन्हा दहा मोजले. पुन्हा तेच! तरीही मला वाटले, मीटरच म्हातारा झाला असेल.

पुढे एक सायकलस्वार शेताच्या वाटेवरून एकाएकी हमरस्त्यावर आला. मी ब्रेक दाबला. मीटरावर वेग ऐंशीच होता आणि ब्रेकवर माझा पाय पंचवीस वर्षांचा सरावलेला. जिथे गाडी थांबायला हवी होती, तिथे ती थांबली नाही. थांबली ती त्या माणसापासून हातभर अंतरावर. तो काही न बोलता निघून गेला. गाडीत कोणीच बोलेना. मागच्या सीटवर आईने पिशवी छातीशी धरली होती, ती तिने कितीतरी वेळ सोडली नाही.

कोहमारा आले. मुंबई-कोलकाता हमरस्त्याला इथे गोंदियाकडचा रस्ता येऊन मिळतो आणि नवेगावबांधला जाणारा फुटतो. तिथे वळण घेतले मात्र, उजव्या बाजूने 'खर्रर्र' असा आवाज आला आणि रबर जळल्याचा वास सुटला. रस्त्याच्या कडेला टायरवाल्याचे दुकान होते, तिथवर गाडी कशीबशी नेली.

दुकानदार वाकून बघत होता. त्याने मला खुणेने बोलावले. टायरच्या बाहेरच्या कडेला गोल चर पडला होता आणि त्यातून आतले धागे दिसत होते. चार माणसांच्या वजनाने गाडी खाली बसली की चाक वरच्या पत्र्याच्या कमानीला घासत होते. मग त्याने आमची स्टेपनी बाहेर काढली. ती मूळचीच, बारा इंची. नव्या चाकाशेजारी तिला उभी करून त्याने दोन्हींवर सुतळी धरली आणि म्हणाला, "भाऊ, चाक तं मोठं लावलं, पन गाडी तेवढीच राहली ना!"

सगळे गणित त्या सुतळीत होते. आमच्या जुन्या टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ असा : टायरची रुंदी १४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७० टक्के आणि आतली रिम बारा इंचांची. त्यावरून पूर्ण चाक भरते सुमारे ५०८ मिलिमीटर. नवे टायर १६५/६० आर १४ म्हणजे सुमारे ५५४. चाक नऊ टक्क्यांनी मोठे झाले! ते एका फेऱ्यात जास्त रस्ता कापते, पण मीटर बिचारा फेरेच मोजतो. म्हणून आईचे दहा दगड खरे आणि माझे नऊ खोटे. मीटर ऐंशी दाखवी तेव्हा गाडी सत्त्याऐंशीने पळत होती. वेग नऊ टक्के वाढला की ब्रेक लावल्यावर थांबायचे अंतर जवळजवळ एकोणीस टक्के वाढते. शिवाय चाक मोठे झाले की तोच ब्रेक त्याला तितक्या जोराने आवरू शकत नाही. तो सायकलस्वार एका हाताने वाचला होता, हे मला तेव्हा कळले.

मग मोठी रिम कधी लावूच नये काय? तसे नाही. रिम एक इंच वाढवली तर टायरची भिंत अर्ध्या इंचाने कमी हवी, म्हणजे पूर्ण चाक होते तेवढेच राहते. पण भिंत पातळ झाली की खड्ड्याचा दणका रिमला आणि आपल्या कंबरेला बसतो. चार नटांच्या वर्तुळाचे माप जुळले पाहिजे. आमच्या गाडीचे ११४.३ मिलिमीटर आहे. चाक बाहेर फार डोकावता कामा नये, नाहीतर बेअरिंगवर ताण येतो. स्टेपनीही त्याच मापाची हवी. शिवाय कायदा आहेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले.

हे सारे चिरंजीव खाली मान घालून ऐकत होता. मला त्याच्याकडे पाहवेना. इतक्या हौसेने आणलेली भेट! दोष त्याचा थोडा आणि माझा जास्त. भिडेपोटी गप्प बसलो तो मी. शेवटी तोच म्हणाला, "बाबा, तुम्ही आजीला घेऊन पुढे जा. मी नागपूरहून जुनी चाके आणतो."

आम्ही काळी-पिवळीत बसून नवेगावबांधला गेलो. आईने तलाव डोळे भरून पाहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी कोहमाऱ्याला परतलो, तो एस.टी.तून चिरंजीव उतरत होता. बरोबर तीन चाके. चौथे स्टेपनीत होतेच! कंडक्टरने त्यांचे सामानाचे भाडे घेतले, हे सांगताना तो प्रथमच हसला.

चाके चढवताना दुकानदाराने जुन्या टायरवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. टायर केव्हा बनला ते त्यावरून समजते. आमचे टायर चांगलेच म्हातारे निघाले. "हळू जा, आनि घरी गेल्यावर बदलून टाका," तो म्हणाला. आम्ही तसेच हळूहळू घरी आलो. वाटेत आईने दहा दगड मोजले, आणि मीटराने इमानाने दहाच दाखवले.

पुढच्या पगारात चिरंजीवाने चार नवे टायर आणले. १४५/७० आर १२. बसवण्यापूर्वी त्याने स्वतः सुतळी लावून मोजले. भेट वाया गेली नाही, वाचकहो. ती फक्त दोन इंचांनी लहान झाली.