टायरवर खापर फोडण्याआधी

मोटोजीपीची शर्यत पाऊण तासात संपते, तिच्यावरचा वाद मात्र आठवडाभर पुरतो. वैरागसारख्या गावातही तो आता चहाच्या टपरीवर, गॅरेजसमोर आणि कॉलेजच्या पोरांच्या मोबाइलवर रंगतो, आणि त्यात नवल काही नाही. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ज्यांच्या दारात उभ्या आहेत, त्यांना ही शर्यत परकी वाटत नाही. शिवाय टायर म्हणजे काय हे या भागातल्या गाडी चालवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून रस्त्यावर आलेल्या काळ्या मातीवर दव पडलं की मागचं चाक कसं सटकतं आणि वैशाखात तापलेल्या डांबरावर टायर किती लवकर गुळगुळीत होतो, हे त्याला अंगावरच्या अनुभवाने ठाऊक असतं. तरीही शर्यतीनंतरचा वाद दोनच वाक्यांपाशी अडकतो. एक गट म्हणतो, रायडरमध्ये दम नव्हता. दुसरा म्हणतो, रायडर बिचारा काय करणार, टायरने घात केला. मला हे दोन्ही निकाल चुकीचे वाटतात, कारण दोन्ही गट टायर आणि रायडर यांना वेगळे मोजतात. कोणता टायर घ्यायचा आणि घेतलेला टायर शेवटच्या फेरीपर्यंत कसा पुरवायचा, हे रायडरच्या कामगिरीतच धरलं पाहिजे. आणि ती निवड शहाणपणाची होती की नाही, हे निकालाच्या तक्त्यावरून ठरत नाही. निवड करताना हाताशी काय माहिती होती, त्यावरून ठरतं.

या वादाचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे २१ ऑक्टोबर २०२३ ची ऑस्ट्रेलियातली फिलिप आयलंडची शर्यत. रविवारी वादळी वाऱ्याचा अंदाज होता म्हणून मुख्य शर्यत शनिवारीच उरकली गेली. होर्हे मार्टिनने मागच्या चाकाला मऊ रबराचा टायर घेतला. त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या पुढच्या फळीतल्या रायडरांनी त्याहून टणक टायर पसंत केला होता. मऊ रबर लवकर तापतं, रस्ता घट्ट धरतं, पण झिजतंही लवकर. फिलिप आयलंडचा ट्रॅक ४.४४८ किलोमीटरचा, बारा वळणांचा, आणि त्यातली सात वळणं डावीकडची. वेगात घेतलेल्या त्या लांबलचक डाव्या वळणांवर मागच्या टायरची डावी बाजू अक्षरशः सोलून निघते. मार्टिन सुरुवातीपासून सुटला, तीन सेकंदांहून मोठी आघाडी त्याने मिळवली, आणि सत्तावीस फेऱ्यांच्या शर्यतीत सव्वीस फेऱ्या तो जिंकत होता. शेवटच्या फेरीत योहान झार्को पुढे गेला, मग फ्रान्चेस्को बॅन्याया, फाबिओ दि जानअंतोनिओ आणि ब्रॅड बिंडर. मार्टिन पाचवा आला. झार्कोसाठी हा मोटोजीपीतला पहिला विजय होता. पण चर्चा झाली ती मार्टिनची, आणि तीही एकाच शब्दात: मूर्खपणा.

तो खरंच मूर्खपणा होता का? मला वाटतं, निवड धाडसाची होती, चुकीकडे झुकणारी होती, पण वेडेपणाची नव्हती. तेव्हा गुणतक्त्यात बॅन्याया १८ गुणांनी पुढे होता, म्हणजे मार्टिनला नुसतं मागे राहून चालणार नव्हतं. पुढे पळून अंतर वाढवणं ही त्याची गरज होती. मऊ टायर नेमकं तेच देतो. त्याच्या विरुद्ध जाणारा सगळ्यात जड पुरावा म्हणजे आजूबाजूच्या जाणत्या लोकांची निवड. बरोबरीचे सगळे एकीकडे आणि आपण एकटे दुसरीकडे असलो, तर आपल्याला काहीतरी जास्तीचं कळलेलं असलं पाहिजे. नाहीतर तो नुसता जुगार ठरतो. म्हणून टीका करायचीच तर ती इथे करावी, की सगळ्यांनी टाळलेला टायर घेतल्यावर मधल्या फेऱ्यांमध्ये त्याला जपणं भाग होतं, आणि तीन सेकंदांची आघाडी असताना ते शक्यही होतं. मूठ किती पिळायची हे टायर बनवणारी कंपनी ठरवत नाही. ही टीका रायडरवरची आहे आणि टायरवरचीही आहे, आणि म्हणूनच ती ‘दम नव्हता’ किंवा ‘टायरने घात केला’ यांपेक्षा जास्त खरी आहे.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण बघा. १५ ऑगस्ट २०२१ ला ऑस्ट्रियात शर्यत संपायला जेमतेम तीन फेऱ्या असताना पाऊस वाढला. पुढचे बहुतेक रायडर गाडी बदलून पावसाचे, खाचांचे टायर घ्यायला पिटमध्ये वळले. ब्रॅड बिंडर कोरड्या रस्त्यासाठीच्या, पूर्ण गुळगुळीत टायरवर तसाच पुढे गेला, ओल्या ट्रॅकवर गाडी कशीबशी सांभाळली आणि केटीएमच्या घरच्या मैदानावर जिंकला. सगळ्यांनी त्याला वाघ म्हटलं. पाऊस एक फेरी आधी तितकाच जोराने आला असता, तर तोच बिंडर रेतीत पडला असता आणि आपण त्याला मार्टिनच्या पंक्तीत बसवलं असतं. आपल्याकडे मृगाच्या पहिल्या सरीवर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचंही असंच होतं. पुढे पाऊस टिकला तर गाव त्याला हुशार म्हणतं, पंधरा दिवस उघडीप पडली तर उतावळा. पेरताना जमिनीत ओल किती होती, हे मात्र कोणी विचारत नाही. बिंडरच्या निर्णयाचं खरं मोल विजयात नाही, हिशेबात आहे: पिटमध्ये जाऊन येण्यात जाणारा वेळ आणि उरलेल्या मोजक्या फेऱ्यांत गुळगुळीत टायरवर गमवावा लागणारा वेळ. तो हिशेब त्याने चालत्या गाडीवर केला. तो शेवटी चौथा आला असता, तरी मी त्याला चांगलाच निर्णय म्हटलं असतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की टायर सदोष निघाला तर रायडरला कसं धरायचं? आक्षेप रास्त आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. २०१३ मध्ये फिलिप आयलंडच्याच नव्याने डांबर घातलेल्या ट्रॅकवर ब्रिजस्टोनचे टायर टिकेनात, तेव्हा शर्यत १९ फेऱ्यांवर आणून प्रत्येकाला मध्येच गाडी बदलण्याची सक्ती करावी लागली. त्या गोंधळात मार्क मार्केझच्या संघाने मोजणी चुकवली, ठरलेल्या मर्यादेपेक्षा एक फेरी जास्त झाली आणि त्याला बाद केलं गेलं. २०१६ ला अर्जेंटिनात सरावातच स्कॉट रेडिंगच्या मागच्या टायरचा पापुद्रा सुटला आणि तिथेही फेऱ्या कमी करून गाडीबदल सक्तीचा झाला. अशा वेळी रायडरला दोष देणं अन्यायाचंच आहे. पण हे कसं ओळखायचं? नुसत्या तक्रारीवरून नाही, तुलनेवरून. २०२३ च्या कतारमध्ये मार्टिनने शनिवारची छोटी शर्यत जिंकली आणि रविवारी सुटतानाच त्याचं मागचं चाक जागच्या जागी फिरलं. तो दहावा आला आणि टायरने साथ दिली नाही असं त्याने उघड सांगितलं. एका रात्रीत रायडर इतका बिघडत नाही. इथे त्याच्या बोलण्याला वजन आहे, कारण आदल्या दिवशीचा त्याचा स्वतःचा वेग त्याच्या बाजूने साक्ष देतो. फिलिप आयलंडला अशी साक्ष नव्हती; तिथे टायर मऊ रबर जसं वागतं तसाच वागला.

दुसरा आक्षेप बरोबर उलटा आहे. २०१६ पासून सगळ्यांना मिशलिनचेच टायर मिळतात, मग टायरचा विषय येतोच कुठे? कंपनी एक असली तरी पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी वेगवेगळ्या कडकपणाचे पर्याय असतात, आणि एकच टायर दोन गाड्यांवर सारखा वागत नाही. त्यात आता हवेच्या दाबाचा नियम आहे. २०२४ पासून पुढच्या टायरचा दाब किमान १.८० बार असावा लागतो आणि मुख्य शर्यतीत निदान साठ टक्के फेऱ्या त्या मर्यादेवर राहाव्या लागतात. नाहीतर सोळा सेकंदांचा दंड. २०२५ च्या हंगामातल्या पहिल्याच, थायलंडच्या शर्यतीत आघाडीवर असलेल्या मार्क मार्केझने धाकटा भाऊ अलेक्सला पुढे जाऊ दिलं. पाहणाऱ्यांना वाटलं, गाडी बिघडली किंवा याचा दम संपला. प्रत्यक्षात मोकळ्या हवेत त्याचा पुढचा टायर थंड राहून दाब मर्यादेखाली गेला होता. पुढच्या गाडीच्या गरम झोतात राहून त्याने दाब वाढवला, हव्या तितक्या फेऱ्या भरल्या, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे जाऊन शर्यत जिंकली. त्याच वर्षी कतारमध्ये माव्हेरिक विन्यालेस दुसरा आला आणि दाब कमी भरल्याने थेट चौदाव्या जागी घसरला. टायर समजून गाडी चालवणं हे किती मोठं कौशल्य आहे, याचा याहून स्वच्छ पुरावा शोधून सापडणार नाही. संघातले तंत्रज्ञ सल्ला देतात हे खरंच आहे, पण थायलंडमध्ये भावाला पुढे सोडणारा हात मार्केझचाच होता.

काही जण म्हणतील, लोक मजेने वाद घालतात, त्यांना कशाला शहाणपणा शिकवता. मला हा वाद बंद व्हायला नको आहे, तो अजून तपशिलात जायला हवा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातली पहिली मोटोजीपी झाली, मार्को बेझेक्की जिंकला, आणि उकाड्यामुळे चोवीसच्या एकवीस फेऱ्या कराव्या लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत मातीच्या ट्रॅकवर सुपरक्रॉस लीग सुरू झाली. म्हणजे हा खेळ आता आपल्या दारात आला आहे, आणि उद्या त्यात आपल्या तालुक्यातला मुलगाही उतरेल. त्याने धाडसाचा टायर निवडला आणि तो हरला, तर आपण त्याला कोणत्या मापाने मोजणार? ‘दम नव्हता’ या दोन शब्दांत एखाद्या पोराचं करिअर संपवणं सोपं असतं. मार्टिनच्या बाबतीत लोकांनी तेच केलं होतं. फिलिप आयलंड जिंकून त्याला २५ गुण मिळाले असते, पाचव्या क्रमांकाचे ११ मिळाले; आणि तो जिंकता तर बॅन्याया तिसरा येऊन त्याला २० ऐवजी १६ च मिळाले असते. दोन्ही मिळून फरक अठरा गुणांचा. विजेतेपद मार्टिनने गमावलं ते ३९ गुणांनी. ज्या टायरमुळे जगज्जेतेपद गेलं असं अजूनही ठासून सांगितलं जातं, त्या टायरने ते नेलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, अकरा मुख्य शर्यती जिंकणाऱ्या बॅन्यायाला दहा गुणांनी मागे टाकून मार्टिन जगज्जेता झाला.

म्हणून शर्यत संपल्यावर शेवटच्या फेरीची क्लिप पुन्हा पुन्हा पाहण्यापेक्षा शुक्रवार-शनिवारच्या सरावाच्या वेळा काढून बघाव्यात. कोणी कोणत्या टायरवर सलग किती फेऱ्या मारल्या, दहाव्या-बाराव्या फेरीला वेळ किती घसरला, ट्रॅकचं तापमान शर्यतीच्या दिवशी किती बदललं, हे सगळं कोणालाही मोबाइलवर पाहता येतं. पुढे तर याची जास्तच गरज लागणार आहे. २०२७ पासून मोटोजीपीत मिशलिनच्या जागी पिरेली येणार, इंजिन हजारऐवजी ८५० सीसीची होणार आणि गाडीची उंची चालताना खालीवर करणारी यंत्रणा बाद होणार. कोणत्या ट्रॅकवर मऊ चालतो आणि कोणत्यावर टणक, याबद्दल दहा वर्षांत पाठ झालेले आडाखे तेव्हा जगज्जेत्यांच्याही कामाचे राहणार नाहीत. पहिले काही महिने सगळेच चाचपडतील, चुका मोठ्या होतील, आणि प्रत्येक चुकीवर वाद पेटेल.