मालकाने घराचा विमा काढलाय, मग भाडेकरूच्या टीव्हीचं काय?

२५ जुलै २०२४. मुसळधार पाऊस, खडकवासला धरणातून मुठेत सोडलेलं पाणी आणि पुण्याच्या सिंहगड रोडवरच्या एकता नगरीतल्या सोसायट्या पाण्यात. अशा पुरात तळमजल्यावरच्या भाडेकरूचा फ्रिज, गाद्या, वॉशिंग मशीन जातं, तेव्हा एक गैरसमज हमखास उघडा पडतो: ‘मालकाने घराचा विमा काढलाय ना!’

काढला असेलही. पण तो इमारतीचा आणि फार तर मालकाच्या स्वतःच्या सामानाचा. भाडेकरूच्या लॅपटॉपशी त्याचा संबंध नाही.

मग भाडेकरूला पर्याय काय?

विमा नियामक ‘आयआरडीएआय’च्या नियमांनुसार १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही सगळीकडे सारख्या अटींची पॉलिसी मिळते. ती फक्त घरातल्या सामानासाठीही घेता येते, म्हणजे घर स्वतःच्या नावावर असायची गरज नाही. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल यांमुळे झालेलं नुकसान त्यात येतं. दारातली बाईक मात्र नाही. तिचा विमा वेगळा.

खरी मेख चोरीत आहे. मूळ पॉलिसीत चोरी धरली आहे, पण ती अशा आपत्तीमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली असेल तरच. पुरामुळे घर सोडावं लागलं आणि चार दिवसांत टीव्ही गेला, तर दावा करता येतो. ऑफिसला गेल्यावर कुणी कुलूप तोडून तोच टीव्ही नेला, तर नाही. शहरातल्या भाडेकरूला भीती असते ती नेमकी याच चोरीची! त्यासाठी घरफोडीचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं. दागिन्यांसाठीही वेगळं कव्हर मागावं लागतं.

फ्लॅट शेअर करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. एकाच्या नावावरच्या पॉलिसीत रूममेटचं सामान आपोआप येत नाही.

आणि पत्ता. विमा असतो तो पॉलिसीत लिहिलेल्या घरातल्या सामानाचा. भाडेकरार ११ महिन्यांचा, पॉलिसी वर्षाची. त्यामुळे मधेच घर बदललं तर टेम्पो बोलावण्याआधी विमा कंपनीला कळवून पत्ता बदलून घ्यायला हवा.

बिलं आणि सामानाचे फोटो ईमेलवर ठेवलेले बरे, कपाटातली फाइलही पाण्यात जाते. नुकसान झालंच तर आधी फोटो काढायचे, कंपनीला कळवायचं. सर्व्हेअर येण्याआधी खराब सामान भंगारात देऊ नये.