पैसा परदेशातून येईल. भेटीला कोण जाणार?

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी ठरली असून, तिचा पहिला टप्पा घरयादीचा आहे. माणसे मोजण्यापूर्वी घरे मोजायची, असा हा क्रम. गोव्याच्या बाबतीत या पहिल्याच टप्प्याला विशेष अर्थ आहे. २०११च्या जनगणनेत राज्यातील साधारण पाचातले एक घर रिकामे आढळले होते. त्याच जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर गोव्यात ११.२ टक्के होते. या बाबतीत गोव्याच्या पुढे फक्त केरळ होते. रिकामी घरे आणि वयस्कर माणसे हे दोन आकडे एकत्र वाचले, म्हणजे आपल्या गावांचे आजचे चित्र उभे राहते.

हे चित्र सरकारी यंत्रणेच्या आधी ज्यांच्या ध्यानात आले, त्यांत गोव्यातील कॅथॉलिक पॅरिशचा समावेश करावा लागेल. पॅरिश, म्हणजेच कोकणीतील ‘फिरगज’, हा एका चर्चच्या कक्षेतील श्रद्धावंतांचा समाज. तो वाड्यावाड्यांत विभागलेला असतो आणि वाड्यांना जोडणारे काही वार्षिक रिवाज असतात. सायबिणीची मूर्ती घरोघरी नेण्याची प्रथा हा त्यांपैकी एक. आज या घरी, उद्या शेजारच्या घरी अशी ती वाडाभर फिरते; संध्याकाळी शेजारी जमतात, लादाईन म्हटली जाते, उकडलेले चणे वाटले जातात. हा भक्तीचा सोहळा खरा, पण त्यातून आणखी एक गोष्ट आपोआप घडते. कोणत्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा मुलगा विलायतेला गेला, कोणत्या म्हातारीला आता पायऱ्या चढवत नाहीत, हे सगळ्या वाड्याला कळते. अलीकडे अनेक वाड्यांवर सायबीण काही दारांसमोरून न थांबता पुढे जाते, कारण त्या दारांना कुलूप असते.

पॅरिशच्या सेवाकार्याची चर्चा करताना हा तपशील महत्त्वाचा ठरतो. ते कार्य मुळात परस्परांच्या ओळखीवर उभे आहे. ही ओळखच आता विरळ होत चालली आहे, आणि परदेशातून येणाऱ्या पैशाने ती उणीव भरून निघणारी नाही.

हे कार्य प्रत्यक्षात कसे चालते ते पाहू. गोव्यातील अनेक पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची शाखा असते. तिला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. ही संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या सोबत्यांसह सुरू केली. गरिबाला मदत त्याच्या घरी जाऊन, त्याच्याजवळ बसून द्यायची, हे तिचे मूळ तत्त्व. सदस्य सहसा दोघे मिळून भेटीला जातात. कोणाला महिन्याचा शिधा, कोणाला औषधे, कोणाच्या मुलांची शालेय फी, कोणाच्या छपराची पावसाळ्यापूर्वीची डागडुजी, असे मदतीचे स्वरूप असते. बैठकीत सदस्य आपापला वाटा गुप्त पिशवीत टाकतात. कोणी किती दिले हे कोणाला कळत नाही. मदत घेणाऱ्याचे नावही चारचौघांत घेतले जात नाही. धर्म पाहून मदत नाकारू नये, हाही या संस्थेचा नियम आहे.

या व्यवस्थेत धर्मगुरूचे स्थान मोठे असले, तरी तिची स्मृती त्याच्याकडे नसते. पॅरिशच्या पाद्रींची काही वर्षांनी बदली होते. कोणत्या घराला कशाची गरज आहे, कोणाला मदत देऊ केली तर तो दुखावेल, कोणाच्या घरी शिधा संध्याकाळ झाल्यावरच न्यायचा, हे जाणणारे लोक वाड्यावरचेच असतात. त्यांत निवृत्त शिक्षक, परिचारिका, गृहिणी आणि बोटीवरची नोकरी संपवून परतलेला एखादा तारवटी यांचा भरणा असतो.

गोव्यात संघटित दानकार्याची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी लिस्बनच्या धर्तीवर येथे ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ स्थापन केली. आजारी, अनाथ, कैदी आणि निराधार स्त्रिया यांची काळजी वाहणारी ही संस्था. पुढे सार्वजनिक साहाय्याचे काम शासकीय चौकटीत आले आणि आज प्रोव्हेदोरिया ही सरकारी संस्था राज्यात वृद्धाश्रम चालवते. चर्चशी जोडलेली दुसरी परंपरा कोंफ्रारियांची. धार्मिक उत्सव, मृतांचे अंत्यसंस्कार आणि सदस्यांना आधार ही त्यांची कामे. मात्र या परंपरेला एक काळी बाजूही आहे. काही चर्चमधील कोंफ्रारियांचे सदस्यत्व विशिष्ट जातीच्या गावकरांपुरतेच राखून ठेवले गेले आणि त्यावरून दीर्घकाळ वाद झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) चर्चमध्ये सामान्य श्रद्धावंतांचा सहभाग वाढला. पुढे गोव्यात वाड्यावाड्यांवर लहान ख्रिस्ती समुदाय उभे राहिले, तेव्हा ज्यांना कोंफ्रारियात जागा नव्हती त्यांनाही पॅरिशच्या कामात स्थान मिळू लागले. सेवेचे वर्तुळ कोणापर्यंत जाते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न तेव्हाही होता. आज तो निराळ्या रूपात पुढे आला आहे.

गाव सोडून पोटासाठी जाणे गोवेकरांना नवे नाही. बोटींवर काम करणाऱ्या तारवटींसाठी मुंबईत धोबीतलावच्या परिसरात गावागावांच्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या. बोट मिळेपर्यंत राहण्याची ही स्वस्त सोय. तेथेही वेदी असे, संध्याकाळी तेर्स म्हटला जाई आणि गावाच्या आश्रयदात्या संताचे फेस्त साजरे होई. पॅरिशचे छोटे रूपच जणू प्रवासाला निघालेले असे. परंतु त्या स्थलांतराची एक मर्यादा होती. तारवटी एकटा जाई, कुटुंब गावात राही, आणि करार संपला की तो परत येई. त्याचा पैसाही गावात येई आणि तो स्वतःही.

आजचे स्थलांतर संपूर्ण कुटुंबाचे आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग खुला ठेवला. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर ब्रिटनमध्ये गेले. लंडनच्या काही भागांत आणि स्विंडनसारख्या शहरांत त्यांच्या वस्त्या झाल्या. पती, पत्नी, मुले सगळेच गेले. मागे उरले ते आईवडील, आणि त्यांच्यानंतर कुलूप. येथे कोणाला दोष देण्याचे कारण नाही. चांगल्या रोजगाराच्या शोधात जाणाऱ्याला ‘गाव राखायला थांब’ असे सांगण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र याचे परिणाम मोजायला हवेत.

पहिला परिणाम कायद्याचा आहे आणि तो फारसा चर्चेत येत नाही. परदेशी गेलेला गोवेकर भारतीय नागरिक राहिला असेल, तर आपल्या वैयक्तिक बचतीतून त्याने बँकेमार्फत पाठवलेली देणगी ‘विदेशी योगदान’ ठरत नाही. त्याने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असेल, तर मात्र तो कायद्याच्या दृष्टीने विदेशी आहे. त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरीही. त्याची देणगी स्वीकारायला संस्थेला विदेशी योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. नोंदणीसाठी मागील तीन वर्षांत मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. आपसांत वर्गणी काढून शिधा पोचवणाऱ्या आठ-दहा जणांच्या गटाला ही अट झेपणारी नाही. २०२०च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत संस्थेलाही असा पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाही. परिणामी स्विंडनमधला मुलगा गावातल्या आईला पैसे पाठवू शकतो, पण त्या आईची दर आठवड्याला विचारपूस करणाऱ्या वाड्यावरच्या गटाला सरळ देणगी देऊ शकत नाही. विदेशी पैशावर शासनाची नजर असणे समजण्याजोगे आहे. परंतु गावच्या शेजारधर्माची आणि मोठ्या निधीवर चालणाऱ्या संस्थांची मोजपट्टी एकच असावी का, याचा विचार व्हायला हवा. तोवर निदान हा नियम चर्चच्या फलकावर सोप्या शब्दांत लावला, तरी अजाणता होणारे उल्लंघन टळेल.

दुसरा परिणाम गरजेच्या स्वरूपावर झाला आहे. पूर्वी मदत म्हणजे प्रामुख्याने तांदूळ, कपडे, फी. आज अनेक घरांत पैसा आहे, पण माणूस नाही. बांबोळीच्या इस्पितळात सोबत येणारा कोणी हवा असतो. बँकेच्या रांगेत उभे राहणारा, मोबाईलवर आलेला संदेश वाचून सांगणारा, रात्री अंग तापले तर दार ठोठावता येईल असा कोणी हवा असतो. ज्यांच्याकडे पैसाही नाही, त्यांच्यासाठी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. पण तिचा लाभ चालू राहण्यासाठी हयातीचा दाखला वेळेवर द्यावा लागतो आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तेच अवघड जाते. ही कामे देणगीने होत नाहीत. त्यांना वेळ लागतो, आणि वेळ देऊ शकणारी पिढीच गावात कमी झाली आहे. भेटीला जाणारा स्वयंसेवक स्वतः पंच्याहत्तरीचा आणि ज्याला भेटायचे तो ऐंशीचा, अशी स्थिती दूर नाही.

तिसरा परिणाम वर्तुळाचा. कुलूप लागलेल्या घरांच्या शेजारी आज भाड्याच्या खोल्या भरलेल्या आहेत. कर्नाटक, ओडिशा, झारखंड, बिहारमधून आलेले मजूर तेथे राहतात. झारखंड-ओडिशातून आलेल्यांमध्ये कॅथॉलिक आदिवासीही आहेत. पॅरिशच्या वाडानिहाय यादीत त्यांची नावे सहजी येत नाहीत, पंचायतीच्या मतदारयादीतही नसतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली, तेव्हा याच लोकांचे हाल सर्वाधिक झाले आणि अनेक पॅरिश, देवस्थाने व तरुण मंडळे शिधा घेऊन त्यांच्यापर्यंत पोचली. संकट ओसरल्यावर ती ओळख टिकली का, हा प्रश्न सर्वांनीच स्वतःला विचारण्यासारखा आहे. कोंफ्रारियांच्या काळी जातीने आखलेली रेघ उद्या भाडेकरूंपाशी आखली जाऊ नये.

धार्मिक संस्थांच्या सेवेमागील हेतूबद्दल शंकाही घेतली जाते. तिचे उत्तर उघड हिशेबात आणि वागणुकीच्या सातत्यात आहे. गोव्यात या बाबतीत परस्परविश्वासाचा मोठा साठा शिल्लक आहे. म्हापशाच्या मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल अर्पण करतात, कारण लोकश्रद्धेत ती शिरगावच्या लईराई देवीची बहीण आहे. अशा भूमीत मंदिराच्या महाजनांनी आणि चर्चच्या कॉन्फरन्सने वाड्यावरच्या एकाकी वृद्धांची काळजी वाटून घेणे अशक्य वाटू नये.

दानातून स्वावलंबनाकडे जाण्याचे उदाहरण आपल्या भाषेच्याच प्रदेशात आहे. वसईचे कॅथॉलिक मराठी बोलतात, मराठीत उपासना करतात. तेथील शेतकऱ्यांची सावकारी पाशातून सुटका व्हावी म्हणून मोन्सिन्योर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९१८ साली सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. गरिबाला दर महिन्याला शिधा देण्यापेक्षा त्याला शिधा मागावा लागू नये, याची व्यवस्था त्या समाजाने केली. गोव्यातील आजची गरज कर्जाची नाही, सोबतीची आहे. तरीही दानाच्या सवयीतून कायमस्वरूपी संस्था उभी करण्याचा तो धडा येथेही लागू पडतो.

त्यासाठी फार मोठी योजना लागणार नाही. प्रत्येक पंचायतीत एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, त्यांच्या संमतीने, एक नोंदवही असावी. पॅरिश, देवस्थान, मशीद समिती आणि महिला मंडळ यांनी ती मिळून भरावी, आणि आरोग्य केंद्राने तिचा उपयोग करावा. घरी जाऊन हयातीचा दाखला घेण्याची व्यवस्था समाजकल्याण खात्याने करावी. परदेशस्थ गोवेकर सुटीत फेस्ताला येतात तेव्हा मंडपाच्या वर्गणीबरोबर आठवडाभराच्या भेटींचा वाटाही त्यांनी उचलावा. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या तरुण मजुरांना मदतीचे धनी न मानता स्वयंसेवक म्हणूनही बोलवावे. वाड्यावर आज तरुण हात त्यांचेच आहेत.

२०२७च्या आरंभी राज्यात विधानसभेची निवडणूक अपेक्षित आहे. तोवर मदतीच्या पिशव्या घेऊन दारी येणाऱ्यांची वाण पडणार नाही. निवडणूक आटोपल्यावर, भर पावसाळ्यात, छत्री घेऊन त्याच दारी जाणारे दोघे जण प्रत्येक वाड्यावर उरतील का, हे ठरवण्याची वेळ मात्र आताच आहे.