लेझीम आणि ध्वनिक्षेपक
रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरेमिन याने 1932 साली न्यूयॉर्क येथे एक अद्भुत मंच दाखविला. त्याखाली धातूचा पत्रा. वर नर्तकी उठे-वाके, तसतसा विद्युत्‌यंत्रातून स्वर चढे-उतरे. हल्ली हेच काम संगणक करितो. आपल्या लेझमीस वीजही लागत नाही! दांडा, साखळी, तीत ओवलेल्या चकत्या. अंग हलेल तेव्हांच नाद, आणि एकाचा हात चुकला की मैदानभर कळते. परंतु आमच्या बोरी अरबेत काय, अन्यत्र काय, शालेय समारंभांत ध्वनिक्षेपकावर गाणे लाविले की तो नाद बुडालाच. मुलांना स्वतःची चूक ऐकूं येत नाही. ढोलवाला निदान मुलांकडे पाहून लय आवरी. यंत्र कोणासाठी थांबणार? शिक्षकबंधूंनी येत्या प्रजासत्ताकदिनी ते बंद ठेवून पाहावे.