बाळाचे वजन आणि आईचे मन

यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले की महाराष्ट्रातील वाचकाला प्रथम आठवतात त्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या. १९ मार्च १९८६ रोजी याच जिल्ह्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी व मुलांसह जीवनयात्रा संपविली, तेव्हापासून हा डाग जिल्ह्याच्या माथी आहे. २००६ साली विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यात यवतमाळ होते. पॅकेजे आली आणि गेली. पण कर्जाच्या आकड्यांमागे एक खचलेले मन असते, हे मान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. २०१५ साली राज्य शासनाने १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा सेविका घरोघरी गेल्या आणि झोप लागते का, उदास वाटते का, जगण्यात रस उरला आहे का, अशी विचारपूस त्यांनी केली. शेतकऱ्याच्या मनाची चौकशी करणे हे शासनाचे आणि समाजाचे काम आहे, हे त्यामुळे प्रथमच कागदावर आले. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्याच घरात, आतल्या खोलीत, नुकतीच बाळंत झालेली सून किंवा लेक असते. तिच्या मनाची विचारपूस कोणी करते काय?

बाळाची चौकशी मात्र होते आणि उत्तम होते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरोघरी नवजात बालसेवेचा जो प्रयोग केला, त्याच्या अनुभवातून २०११ पासून देशभर आशा सेविकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. बाळाचे वजन घेतले जाते, ताप पाहिला जातो, अंगावरचे दूध नीट चालू आहे का, हे पाहिले जाते. आईला ताप आहे का, रक्तस्राव फार आहे का, ती असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का, हेही विचारले जाते. पण जी असंबद्ध बोलत नाही, जिला झटके येत नाहीत, जी फक्त भिंतीकडे तोंड करून पडून राहते आणि बाळ रडले तरी जिचा हात उचलत नाही, तिच्यासाठी त्या कागदावर रकाना नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या आठवड्यात डोळ्यांत उगाच पाणी येणे, चिडचिड होणे हे निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या बाबतीत घडते आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप निवळते. त्याची धास्ती नको. मात्र ही उदासी दोन आठवड्यांनंतरही हटत नसेल, बाळ झोपले असतानाही आईला झोप येत नसेल, ‘मी वाईट आई आहे’ हा विचार तिला पोखरत असेल, आपण नसतो तर बरे झाले असते असे तिला वाटत असेल, तर तो आजार आहे. तो उपचाराने बरा होतो. बाळाला पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधे घेता येतात. हजारात एक-दोन बाळंतिणींना भ्रम होतात, भलतेच भास होतात. तिथे तर एक दिवसही न दवडता दवाखाना गाठला पाहिजे. आपल्याकडे अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ म्हणून अंगारे-धुपारे होतात आणि नेमका मोलाचा वेळ त्यातच जातो.

हा आजार शहरातील सुखवस्तू स्त्रियांचे फॅड आहे, असा एक गैरसमज आहे. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात २३ टक्के मातांमध्ये बाळंतपणानंतरचे नैराश्य आढळले, आणि त्याची मुळे गरिबीत, पती-पत्नींच्या बिघडलेल्या संबंधांत आणि मुलगी झाली म्हणून वाट्याला येणाऱ्या वागणुकीत सापडली. देशातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यानेही २२ टक्के, म्हणजे जवळजवळ पाचांत एक, हेच प्रमाण दाखविले. पाच पाळणे हलत असतील, तर त्यांतील एकाची दोरी ओढणारा हात थकलेल्या मनाचा आहे, असा याचा अर्थ.

येथे आपण स्वतःलाच काही प्रश्न विचारले पाहिजेत. मातेला देवत्व देणारा आपला समाज आहे. यवतमाळच्या शेजारी, वर्ध्याला, १९३६ साली वंदनीय लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समितीची स्थापना केली आणि मातृत्वाचा आदर्श म्हणून जिजामातांना समोर ठेवले. आयुर्वेदाने प्रसूतीनंतरचा दीड महिना हा ‘सूतिकाकाल’ मानून आहार-विहाराचे स्वतंत्र नियम सांगितले. आधुनिक वैद्यकाचे सहा आठवडे आणि आशा सेविकेचा बेचाळिसावा दिवस त्याच सुमारास येऊन थांबतात. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना विश्रांती, शेक-शेगडी, डिंकाचे व अळिवाचे लाडू, पाचवी, बारसे ही सारी व्यवस्था बाळंतिणीला एकटे पडू द्यायचे नाही, यासाठीच होती. आजच्या मानसोपचाराला जे हवे असते, म्हणजे झोप, सोबत, सकस आहार आणि कोणाशी तरी मोकळे बोलणे, त्यातले पुष्कळसे या रीतींत होते.

पण त्या रीतींचे आज काय झाले आहे? कळंब, राळेगाव, घाटंजीच्या एखाद्या गावात दिवाळीच्या सुमारास लेक माहेरी बाळंतपणाला येते, तेव्हा कापूस वेचणीचा हंगाम असतो. तिची आई मजुरीवर जाते, कारण गेली नाही तर चूल पेटत नाही. लेक आणि बाळ दिवसभर घरात एकटी. शहरात गेलेल्या कुटुंबात दोन खोल्या आणि दोनच माणसे. लाडू पोस्टाने येतात. सोबत पोस्टाने येत नाही. आणि जिथे घर भरलेले आहे, तिथेही मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी मौन वाटले जाते. ज्या घरात मुलीच्या जन्मानंतर आईशी कोणी धड बोलत नाही, त्या घराने मातृभक्तीची भाषा बोलू नये, हे आम्ही आपल्याच वाचकांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगू इच्छितो.

या पोकळीत पाश्चात्त्य देशांनी एक उपाय शोधला आहे. संगणकावर किंवा मोबाईलवर आईने स्वतःच करावयाचे स्वयंसाहाय्य अभ्यासक्रम तेथे तयार झाले आहेत. आठवड्याला एक पाठ. आज मन कसे आहे याची नोंद. दिवसातून एक तरी आवडीचे छोटे काम ठरवून करणे. मनात येणारा निराश विचार खरा आहे का, हे तपासून पाहणे, असे त्यांचे स्वरूप असते. ऑस्ट्रेलियातील अशाच एका कार्यक्रमाची ४३ मातांवर चाचणी झाली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम पूर्ण केलेल्या गटात ७९ टक्के मातांच्या बाबतीत नैराश्याचे निदान उरले नाही. नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण १८ टक्के होते. चाचणी लहान होती, तरी निष्कर्ष दुर्लक्ष करण्याजोगा नाही. परदेशी म्हणून तो नाकारण्याचेही कारण नाही.

मात्र त्या चाचणीतील एक गोष्ट विसरता कामा नये. त्या मातांना दर आठवड्याला एक प्रशिक्षित व्यक्ती दूरध्वनी करून विचारपूस करीत असे. अशा कार्यक्रमांचा एकूण अनुभवही तोच आहे. पाठीशी माणूस असेल तर लाभ अधिक होतो. आईला एकटीला पडद्यासमोर बसविले तर बऱ्याच जणी मध्येच सोडून देतात. म्हणजे यंत्राच्या मागेही शेवटी माणूसच लागतो.

यवतमाळात तर अडचणी आणखी आहेत. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील ३३ टक्के स्त्रियांनीच इंटरनेट कधीतरी वापरले असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, पण ते बहुधा नवऱ्याच्या खिशात असतात. पुसद, दिग्रसच्या तांड्यांवरील बंजारा आईला गोरमाटी हवी. झरी-जामणी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवरील कोलाम आईला कोलामी हवी. तिच्यासाठी वाचायचा मजकूर नव्हे, ऐकायचा आवाज हवा.

तो आवाज पोहोचविण्याचे मार्ग उपलब्ध आहेत. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला साध्या फोनवर संदेश ऐकविणारी केंद्र शासनाची ‘किलकारी’ योजना २०१६ साली सुरू झाली आणि २०२४ साली महाराष्ट्रात आली. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेत १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतूनही समुपदेशकाशी बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक बाळंतिणीच्या हाती प्रसूतिगृहातून बाहेर पडतानाच दिला गेला पाहिजे.

आणि माणूस? तोही आहे. पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावपातळीवरच्या आरोग्य सेविकांना साध्या समुपदेशनाचे प्रशिक्षण दिले गेले. ९०३ मातांवरील या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी सेविकांच्या गटात २३ टक्के, तर इतर गटात ५३ टक्के माता नैराश्यात होत्या. उपयुक्त ज्ञान कोठूनही घ्यावे, मग ते शेजाऱ्याचे असले तरी. पुढे हीच पद्धत गोव्यात गावातल्याच अनुभवी मातांकरवी राबविली गेली आणि तेथेही बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण वाढलेले दिसले. आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना तयार केले, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वऱ्हाडातला माणूस मनाविषयी बोलत नाही, ही समजूत त्या गावांनी खोटी ठरविली आहे.

म्हणून शासनाकडे आमची मागणी साधी आहे. आशा सेविकेच्या सहाही भेटींत, आणि तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पुढील पाच भेटींतही, आईच्या मनाविषयी दोन प्रश्न असावेत. गेल्या दोन आठवड्यांत सतत उदास वाटले का? कशातही रस वाटेनासा झाला का? उत्तर ‘हो’ आले, तर पुढे कोणाकडे पाठवायचे, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेले असावे. ‘प्रेरणा’च्या निमित्ताने ही विचारपूस शिकलेल्या सेविका यवतमाळात आहेत, या वाढीव कामाचे मानधनही त्यांना मिळाले पाहिजे. ज्या मातेला दाखल करावे लागेल, तिच्यापासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आई व बाळाला एकत्र ठेवणारा कक्ष आहे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तशा दोन-चार खाटा असणे ही चैन ठरू नये.

परंतु सर्व भार शासनावर टाकून मोकळे होणे ही आपली परंपरा नाही. वस्ती-वस्तीवर आपले कार्यकर्ते जातात, भगिनींचे गट चालतात, घराघरांत त्यांना विश्वासाने बसविले जाते. बारशाला गेलेल्या भगिनींनी पाळण्यात डोकावण्याआधी आईजवळ दहा मिनिटे बसावे आणि ‘तुला झोप मिळते का गं?’ एवढे विचारून तिचे ऐकून घ्यावे. उपदेश करू नये, ‘आम्ही नाही का पाच-पाच बाळंतपणे काढली’ असे तर मुळीच म्हणू नये. सासूबाईंनी रात्रीचे एक पाजणे झाले की बाळ आपल्याकडे घ्यावे. घरातल्या पुरुषांनी, विशेषतः नवऱ्याने, हे बायकांचे काम म्हणून बाजूला न सरता दवाखान्यात सोबत जावे. येत्या महिन्यात आपापल्या वस्तीतील बाळंतिणींची यादी करून प्रत्येकीच्या घरी एक भेट द्यावी, असे आवाहन आम्ही यवतमाळसह सर्व जिल्ह्यांतील वाचक-कार्यकर्त्यांना करीत आहोत.