विशेष शिक्षिकेचा वार ठरवून द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस



2024 मध्ये शासनाने दर केंद्राला एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची 4860 पदं निर्माण केली. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेल्या सहकाऱ्यांना आधार मिळाला, याचा आम्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना मनापासून आनंद आहे. पण हा हिशोब केंद्रांचा झाला, मुलांचा नाही. एका केंद्रात दहा-पंधरा शाळा. त्यांतली अंध, कर्णबधिर, स्वमग्न अशी सगळी मुलं एकाच मॅडमच्या वाट्याला येतात. सभा आणि माहितीचे तक्ते यांतून वेळ उरला, तर त्या आमच्या शाळेत पोचतात.

स्वमग्न मुलाचं अशा उभ्याउभ्या भेटीने भागत नाही. माझ्या दुसरीच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत ताटांचा खणखणाट सुरू झाला की कान दाबून व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बसायचा. जेवायचाच नाही. मॅडमनी सांगितलं, त्याला पंगतीआधी वाढा आणि बाकावर दिवसाची चित्रं क्रमाने लावा: परिपाठ, गणित, खिचडी, खेळ, घर. एकेक काम झालं की ते चित्र तो स्वतः उलटं करू लागला. जेवू लागला, गणिताची वही आपणहून काढू लागला. मग उन्हाळ्यात शाळा सकाळची झाली, क्रम बदलला आणि तो पुन्हा व्हरांड्यात. मॅडम दुसऱ्या गावी होत्या. फोनवर बोलल्या, पण मूल समोर नसताना त्या तरी किती सांगणार?

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत स्वमग्नताही आहे. तेव्हा पदं मुलं मोजून ठरवा. आणि मोजताना फक्त दिव्यांगत्वाचे दाखले मोजू नका. दाखल्यासाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात खेपा घालायच्या, तर आईबापांची दर खेपेला मजुरी बुडते. म्हणून कित्येक मुलं वर्गात असतात, पण आकड्यात नसतात.

नवी भरती व्हायला वेळ लागेल, हे मी समजू शकते. एक गोष्ट मात्र आपल्या एका परिपत्रकाने होईल. स्वमग्न मूल असलेल्या प्रत्येक शाळेसाठी विशेष शिक्षिकेचा आठवड्यातला एक वार ठरवून द्यावा, तो वेळापत्रकात लिहिलेला असावा आणि त्या दिवशी त्यांना दुसऱ्या कोणत्याही कामाला बोलावू नये. त्यांनी मुलाला वेगळं काढून न शिकवता आमच्या वर्गात, आमच्या शेजारी उभं राहून शिकवावं, म्हणजे उरलेले पाच दिवस आम्हाला ते पुढे नेता येईल.

जूनमध्ये हा मुलगा तिसरीत जाईल. खोली नवी, बाई नव्या, बाक नवा. परिपत्रक त्याआधी निघावं आणि त्या पहिल्या आठवड्यात विशेष शिक्षिका त्याच्या वर्गात असाव्यात, एवढी विनंती.

आपली विश्वासू,
जिल्हा परिषदेची एक प्राथमिक शिक्षिका