परत आलेल्याला आधी जेवायला विचारा

रूमवरचा लाइट बंद करून, कानात इअरफोन घालून 'फक्त एकच एपिसोड' म्हणत पहाटेचे तीन वाजवणारे तुमच्यात किती जण आहेत? खरं सांगा! त्यातल्या बऱ्याच जणांनी 'होमटाउन चा-चा-चा' पाहिली असणार. २०२१ मध्ये आलेली ही सोळा भागांची कोरियन मालिका. दातांची डॉक्टर असलेली हे-जिन सोलमध्ये नोकरी करते. पेशंटला नको ते उपचार करायला लावणाऱ्या वरिष्ठांशी तिचं वाजतं, ती नोकरी सोडते आणि मग दुसरीकडे कुठेच दार उघडत नाही. शेवटी ती गोंगजिन नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात स्वतःचा दवाखाना थाटते.

लव्हस्टोरी छान आहेच. पण नीट आठवा, या गावात नव्याने सुरुवात करणारी ती एकटी नाही. गावातलं पडेल ते काम करणारा दू-सिक हा सोलच्या नामांकित विद्यापीठात शिकलेला, मोठ्या पगाराची नोकरी केलेला मुलगा. तिथे काहीतरी भयंकर घडतं आणि तो मोडून गावी परततो. त्याच्या त्या वर्षांबद्दल गावात नाना अफवा उठतात, पण कुणी त्याला समोर उभं करून जाब विचारत नाही. दाराशी जेवण ठेवतात. हे दुरुस्त कर, ते बघ, म्हणून बोलावतात. हळूहळू तो माणसांत येतो.

आता आपल्याकडे या. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने बॅगा घेऊन एखादा पोरगा नांदेडला किंवा लातूरला उतरतो. नोकरी गेलेली असते, किंवा स्पर्धा परीक्षेची चार वर्षं संपलेली असतात. घरी पोचून अंघोळ होत नाही तोवर शेजारचे काका विचारतात, "काय रे, परत आलास? झालं नाही का काही?" मुलगी असेल तर प्रश्न वेगळा असतो. "मग आता स्थळं बघायची ना?" आणि लातूरच्या ट्यूशन एरियातल्या रिपीटर बॅचमधल्या मुलाला गावाकडचा प्रत्येक फोन एकच विचारतो, "यंदा तरी लागतो का नंबर?" नीट कितीही वेळा देता येते, त्यावर नियमाचं बंधन नाही. पण दुसऱ्यांदा बसणाऱ्याने मान खाली घालून फिरायचं, हा नियम आपणच केलाय.

खरं तर नव्याने सुरुवात करण्याबद्दल आपल्या भागाला कुणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही, पण तुमच्या आईवडिलांना विचारा. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. किल्लारी आणि परिसरातली दगडमातीची, जड माळवदाची घरं काही सेकंदांत कोसळली. हजारो माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली बावन्न गावं पुढे नव्या जागी वसवावी लागली.

त्या नव्या गावांत रुंद, सरळ रस्ते आले, चौकोनी प्लॉट आले. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, बोळातून हाक मारली की शेजारीण बाहेर यायची. नव्या जागी घर मिळालं, पण ते शेजारपण विखुरलं. म्हणजे सिमेंटचं घर सरकार बांधून देतं, "आवाज दे गं" म्हणणारं माणूस मात्र माणसांनाच जोडावं लागतं. मोडलेला माणूस उभा राहतो तो याच आधारावर.

मालिकेसारखं सगळं सोपं नसतं, हे मान्य. गोंगजिनमध्ये पावसाळी दुपारसुद्धा देखणी दिसते, आपल्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघावी लागते. गावी परतल्यावर हाताला काम मिळेलच याची खात्री नाही. आणि 'पुन्हा एकदा' याचा अर्थ तीच परीक्षा आयुष्यभर देत राहणं असाही होत नाही. कधी कधी वाट बदलणं हीसुद्धा नवी सुरुवात असते. ती कोणती, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पण ठरवायला त्याला थोडी उसंत तर द्याल?

ही उसंत देणं तुमच्या हातात आहे. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला तुम्ही कधीतरी बसलाच असाल. पंगतीत ताट पुढे येतं तेव्हा तुम्ही कोण, कुठून आलात, किती मार्क पडले, कुणी विचारत नाही. आधी पोट भरतं. बाकीचं नंतर.

येत्या दिवाळीत तुमच्या गल्लीत, वर्गात, व्हॉट्सॲप ग्रुपवर असा एखादा परतलेला असेलच. ग्रुपवर गप्प झालेला, लग्नकार्याला यायचं टाळणारा. त्याला सल्ला देऊ नका, 'मोटिव्हेशनल' रील तर अजिबात पाठवू नका. क्रिकेटला एक जण कमी पडतोय म्हणून बोलवा. लहान भावाचं गणित अडलंय म्हणून घरी बोलवा. आणि तुम्ही स्वतःच परतलेले असाल, तर अशी हाक आली की दार उघडा.

बाकी, "परत का आलास?" हे विचारायला गावात माणसं पुष्कळ आहेत. तुम्ही एवढंच म्हणा, "बरं झालं आलास. जेवलास का?"